स्थिरचित्रातलं अन्न: आपली भाकरी-कांदा टेबलावर का मांडत नाही?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात, माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. इथे चित्रकार आहेत, शेतकरी आहेत, स्वयंपाकात हात बसलेली माणसं आहेत, म्हणून हा विषय इथेच मांडतो.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी आम्ही मुलांपुढे स्थिरचित्राची, म्हणजे समोर ठेवून काढायच्या वस्तूंची, मांडणी करतो. कपाटातलं सामान ठरलेलं: प्लास्टिकची सफरचंदं, प्लास्टिकचा द्राक्षांचा घड, एक सुरई, मागे निळं कापड. मुलं चित्र व्यवस्थित काढतात. पण ज्या फळाला वास नाही, वजन नाही, देठ कुठून तुटला त्याची खूण नाही, त्याच्याकडे मूल फार वेळ बघत नाही. दोन नजरा टाकतं आणि डोक्यातलं सफरचंद कागदावर उतरवतं. त्याच मुलाच्या दप्तरात ज्वारीची भाकरी, कांदा, वांग्याची भाजी असते. ती चित्राच्या टेबलावर कधीच येत नाही.

युरोपात ज्यांनी अन्न रंगवलं, त्यांच्यातल्या मोठ्या चित्रकारांनी आपल्याच कोठीतलं, आपल्याच बाजारातलं अन्न रंगवलं. हुआन सांचेझ कोतान हा टोलेडोचा चित्रकार. त्याचं साधारण १६०२ सालचं एक चित्र आज अमेरिकेत सॅन डिएगोच्या संग्रहालयात आहे. खिडकीसारखा दगडी चौकोन, मागे मिट्ट काळोख. डावीकडे वरून दोरीला टांगलेलं क्विन्स नावाचं पिवळं फळ, त्याच्या थोडी खाली दोरीलाच टांगलेली पानकोबी, कट्ट्यावर चिरलेलं खरबूज आणि त्याची एक फोड, अगदी उजवीकडे काकडी. काकडीचं टोक कट्ट्याच्या बाहेर आलंय, जणू आपल्या अंगावर. एवढंच. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत या वस्तू एका वळणात उतरत येतात आणि नजर त्या वळणावरून घसरत जाते.

वर्गात हे चित्र दाखवलं की पहिला प्रश्न येतो, "सर, कोबी टांगला कायले?" तेव्हा स्पेनमध्ये कोठीतली फळं-भाज्या दोरीला टांगून ठेवत, हवा खेळती राहते, माल टिकतो. आमच्या मुलांना हे फोड करून सांगावं लागत नाही, आजीच्या घरातलं शिंकं त्यांनी पाहिलेलं असतं. कोतानने १६०३ मध्ये चित्रांचा व्यवसाय सोडून कार्थुशियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाची वाट धरली. त्या पंथात मांस खात नाहीत. कोबी-काकडीकडे इतक्या निष्ठेने बघणारा माणूस तिकडे वळला, याचं मला नवल वाटत नाही.

अन्नाच्या चित्रांना मान मात्र सहज मिळाला नाही. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे फेलिबियाँ या कलेवर लिहिणाऱ्या लेखकाने चित्रविषयांची उतरंडच लावून दिली: सगळ्यात वर इतिहास आणि पुराणं, मग व्यक्तिचित्रं वगैरे, आणि तळाला फळं, फुलं, भांडी. फ्रेंच चित्रकार शार्दाँ १७२८ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत घेतला गेला तो या तळाच्या विषयाचा चित्रकार म्हणूनच. त्याचं १७६१ चं रानस्ट्रॉबेरीच्या टोपलीचं चित्र बघा. वेताच्या टोपलीत स्ट्रॉबेरीची रास, बाजूला पाण्याचा पेला, दोन पांढरी फुलं, एक पीच, दोन चेरी. एकेक स्ट्रॉबेरी कोरून काढलेली नाही. लाल रंगाचा एक ऊबदार ढीग आहे आणि तरी ती स्ट्रॉबेरीच आहे. हे चित्र २०२२ मध्ये लिलावात २ कोटी ४० लाख युरोंच्या वर गेलं, आणि ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्समधल्या हजारो लोकांनी वर्गणी काढली. २०२४ मध्ये ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आलं. टोपलीभर रानफळांच्या चित्रासाठी लोकांनी वर्गणी काढली, हे मी मुलांना दरवर्षी सांगणार आहे.

आणि स्पेनचाच लुइस मेलेंदेझ. स्पेनच्या हवा-मातीत पिकणारा प्रत्येक खाद्यपदार्थ रंगवायचा असं त्याने मनात धरलं आणि १७७२ मध्ये राजाला अर्जात तसं लिहून कळवलं. ब्रेड, अंजीर, कलिंगडं, मातीची भांडी, मधाचे बुधले. चाळीसच्या वर चित्रं त्याने राजपुत्रासाठी केली आणि १७८० मध्ये कंगाल अवस्थेत मेला. "या मातीत पिकतं ते सगळं" ही त्याची जिद्द मला फार जवळची वाटते. वऱ्हाडात पिकतं ते सगळं असं कोणी रंगवलंय का?

तर माझं म्हणणं सरळ आहे. पोटभर बघितल्याशिवाय वस्तू कागदावर येत नाही, आणि जे आपण रोज खातो तेच आपण सगळ्यात कमी बघतो. पुढच्या सत्रापासून मांडणी आपल्या अन्नाची करायची ठरवलंय. काय मांडावं, कशात मांडावं, प्रकाश कसा घ्यावा, मोकळेपणाने सांगा.

काळी_कसदार

गुरुजी, लय चांगला विषय काढला. मी शेतीवाला मानूस, मी फळाकडून बोलतो.

कॅराव्हाज्जो म्हनून इटलीचा चित्रकार होता, त्याची १५९९ च्या आसपासची फळाची टोपली हाय, मिलानच्या अम्ब्रोसियाना संग्रहालयात. पोरानं मोबाइलवर दाखवली. मी म्हटलं, मोठी कर. सफरचंदाले भोक होतं. हे अळीनं पाडलेलं भोक होय, दाभनानं पाडलं त असं नसते. कड काळी पडते, भोवताली साल दबते. अंगुराचं पान वाळून गुंडायलं होतं. दुसऱ्या पानायवर डाग. म्हंजे या मानसानं बाजारातून आनलेली टोपली जशी होती तशी रंगवली. निवडून-पुसून नाई ठेवली. मले त्याच्याबद्दल आदर वाटला. व्यापारी आला की आमीच डागी माल खाली लपवतो, अन् हा मानूस डाग वर ठेवून राह्यला.

संत्रा मांडसान त दोन पानं अन् काडी राहू द्या त्याले. झाडावरून ओरबाडलेला संत्रा अन् कात्रीनं कापलेला संत्रा, देठापाशी फरक दिसते. आपल्या नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, देठापाशी थोडी वर उचलल्यासारखी मान असते. पोरायले म्हना, चेंडू नका काढू. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या पुढं, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. जसं पाह्यजे तसं सांगा, डागी अन् चांगले दोनी देतो.

रंगपेटी

काळी_कसदार काका, तुम्ही जे ओळखलंत तेच काम जूल्स जॅनिक नावाच्या फळबागशास्त्रज्ञाने केलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ते शिकवायचे. कॅराव्हाज्जोच्या चित्रांतली फळं त्यांनी एकेक करून तपासली आणि सफरचंदातली अळी, पानांवरची बुरशी, कीड ओळखून लिहिली. जुन्या चित्रांतून पिकांचा इतिहास वाचण्याचा हा एक मोठा रस्ताच झाला आहे. जोव्हान्नी स्टांकीच्या सतराव्या शतकातल्या एका चित्रात कापलेलं कलिंगड आहे. आतला गर आजच्यासारखा भरगच्च लाल नाही. पांढऱ्या भागात लाल गराची वळणं आणि मधे मधे काळ्या बिया. आज आपण खातो ते कलिंगड माणसाने निवडून निवडून कसं घडवलं असावं, याचा अंदाज त्या चित्राशेजारी आजची फोड ठेवली की येतो.

म्हणूनच खडूफळा सरांची कल्पना मला सजावटीपुरती वाटत नाही. गावरान वांगं, गावरान ज्वारीचं कणीस, भिवापुरी मिरची, वायगावची हळद. मिरची-हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांचा रंग, ओल्या गड्ड्याची साल, सुकल्यावरची सुरकुती नीट रंगवून ठेवलेली मी तरी पाहिली नाही. फोटोत दिसतं हे खरं. पण चित्र काढणारा एका मिरचीसमोर दोन-तीन तास बसतो आणि तिचा वाक कुठे सुरू होतो ते त्याला कळतं.

परदेशी_पाखरू

मी मूळ दारव्ह्याकडचा, सध्या नेदरलँड्समध्ये नोकरीला. स्थिरचित्रांच्या माहेरी राहतो म्हटलं तरी चालेल, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पीटर क्लास या हार्लेमच्या चित्रकाराचं १६२७ चं चित्र आहे. मधे टर्की पक्ष्याच्या पिसांनी सजवलेला मोठा 'पाय' (pie, म्हणजे पिठाच्या कवचात मांस भरून भाजलेला पदार्थ), चिनी मातीच्या भांड्यात फळं, कालवं, ऑलिव्ह, ब्रेड, साल अर्धवट सोललेलं लिंबू. पण माझी नजर दर वेळी एका कोपऱ्यातल्या कागदावर जाते. छापील कागदाची सुरळी करून बांधलेली पुडी, आणि तिच्यातून मिरीपूड सांडलेली. दारव्ह्याच्या किराणा दुकानात वर्तमानपत्राच्या कागदात जिरं-मोहरी बांधून मिळायची, तशीच्या तशी पुडी! चारशे वर्षांपूर्वीच्या श्रीमंत टेबलावर.

ती मिरी आशियातून आलेली, डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली त्या व्यापारातली. टर्की अमेरिकेतला, लिंबू भूमध्य समुद्राकडचं, भांडं चीनचं. म्हणजे "आपल्या कोठीतलं अन्न रंगवलं" हे कोतानला, शार्दाँला लागू पडतं. इथल्या डचांनी पुष्कळदा जगभरातून गोळा करून आणलेलं वैभवही रंगवलं आहे. सर, वर्गात ही बाजूसुद्धा सांगावी असं मला वाटतं. टेबलावरची वस्तू कुठून आली, कोणाच्या श्रमाने आली, हे चित्र स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

दुसरं, हेगच्या माउरित्सहाउसमधलं क्लारा पेटर्सचं १६१५ च्या आसपासचं चित्र: चीजचे मोठे तुकडे, बदाम, खारे प्रेट्झेल. चीजची चव घेतल्याची खूण आहे. समोरच्या सुरीच्या मुठीवर तिचं नाव कोरलेलं आहे, आणि मागच्या सुरईच्या धातूच्या झाकणात बारीक, नखाएवढा तिचा चेहरा दिसतो. तिने आणखीही काही चित्रांत असं केलंय. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने एका स्त्री चित्रकाराचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरवलं ते २०१६ मध्ये, आणि ते हिचं.

आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉग. "बटाटे खाणारे" (१८८५) हे स्थिरचित्र नाही, पण त्याच वर्षी नुएनेन गावात त्याने बटाट्यांच्या टोपल्यांची स्थिरचित्रंही केली. भावाला पत्रात लिहिलं की या माणसांनी ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटलीत घातले आहेत. चित्राचा रंग कसा असावा? तर धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा. आपल्याकडच्या कोणी हे वाचलं तर त्याला काळ्या मातीत उपटलेला भुईमूग आठवेल.

मेळघाटी

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिताय, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी धारणी-चिखलदरा भागात काम करतो. वजनकाट्यावर मुलं ठेवतो. कुपोषण हा शब्द वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगावर आलेली बघणं वेगळं. जिथे अन्न मोजून मिळतं तिथे ते तासन्‌तास टेबलावर मांडून ठेवायचं आणि त्याचं चित्र काढायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. प्लास्टिकची फळं निदान कोणाच्या तोंडचा घास तरी घेत नाहीत.

चुलीपाशी

मेळघाटी भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर जागी लागलं. पण आपल्याकडे अन्न मांडून त्याच्याकडे बघत बसायची रीत जुनीच आहे. नैवेद्याचं पान वाढतो तेव्हा काय करतो? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मधे, त्यावर वरण, त्यावर तूप. एकही जागा चुकलेली सासूबाईंना चालत नसे. देवापुढे ठेवून डोळे मिटायचे, पाणी फिरवायचं, आणि मग तेच पान घरातल्यांनी खायचं. अन्न वाया जात नाही, आणि बघणंही होतं. चित्राची मांडणी अशीच करा ना. काढून झालं की मुलांनी वाटून खावं.

मृतांसाठी अन्न रंगवायची पद्धत इजिप्तमध्ये तर फारच जुनी. थीब्जच्या थडग्यांच्या भिंतींवर तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी भाकरी, अंजीर, द्राक्षं, बदकं यांच्या राशी रंगवल्या, गेलेल्याला परलोकात कमी पडू नये म्हणून. पितृपक्षात आपण पान वाढतो त्यामागची माया वेगळी नाही.

आणि शिधा! रोमन काळातल्या व्हिट्रूव्हियस या वास्तुकाराने लिहून ठेवलंय की ग्रीक यजमान पाहुण्याला पहिल्या दिवशी जेवायला बोलवत आणि मग कोंबड्या, अंडी, भाज्या, फळं अशा वस्तू त्याच्या खोलीवर पाठवत. त्या भेटींची चित्रं चित्रकार काढत. हर्क्युलेनियम या जुन्या रोमन शहरातल्या भिंतीवर काचेच्या भांड्यात पाणी आणि शेजारी डहाळीसकट हिरवे पीच, असं चित्र सापडलं, ते आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, मीठ, मिरच्या, वांगी घालून शिधा देतो ना आपण? ते सूप जसंच्या तसं टेबलावर ठेवा. मांडायलाही जावं लागणार नाही, ते आधीच मांडलेलं असतं.

क्लारा पेटर्सचं वाचून बरं वाटलं. ज्या बाईने रांधलं ती या चित्रांत कुठेच नसते. हिने निदान झाकणात तरी आपला चेहरा ठेवला.

रंगपेटी

मेळघाटी, तुमच्या मुद्द्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. माझ्या परीने उत्तर देते.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या खेड्यांतून पायी फिरले आणि जे दिसलं ते शाईने काढलं. "हंग्री बंगाल" नावाने ते छापलं, तर इंग्रज सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. झैनुल आबेदिन या चित्रकारांनी त्याच दुष्काळात साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने भुकेली माणसं काढली. त्या रेखाटनांत भांडी आहेत, आणि ती रिकामी आहेत. सरकारला एका चित्रपुस्तकाची भीती वाटली, कारण कोणीतरी नीट बघून काढलं होतं. अन्नाकडे टक लावून बघायला शिकलेला मुलगा रिकाम्या ताटाकडेही तसाच बघेल, असं मला मनापासून वाटतं. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत डाळ किती आहे हे ज्याने ती खिचडी रंगवली त्याला विचारा.

आजच्या काळातलं बघायचं तर सुबोध गुप्ता. बिहारमधल्या खगौलचे. घरोघरचे स्टीलचे डबे, ताटं, बादल्या घेऊन शिल्पं करतात. २००६ मध्ये त्यांनी अशाच स्टीलच्या भांड्यांची प्रचंड मोठी कवटी उभी केली, नाव "व्हेरी हंग्री गॉड". डच चित्रांत फळांशेजारी कवटी ठेवायची रीत होती, मरणाची आठवण म्हणून. इथे कवटीच भांड्यांची झाली, आणि भांडी रिकामी.

आता सरांच्या प्रश्नाकडे. मांडणी कमीत कमी वस्तूंची ठेवा. नैवेद्याचं अख्खं पान मुलांना झेपणार नाही. माझी निवड: काळं घोंगडं, त्यावर पितळी परात उभी टेकवून, पुढे एक भाकरी दुमडून, बुक्कीने फोडलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या. बुक्कीने फोडलेलाच हवा, सुरीने कापलेला नको. फोडलेल्या कांद्याच्या पाकळ्या वेड्यावाकड्या उघडतात, आत ओल चमकते, बाहेरचं जांभळं साल अर्धं लोंबत राहतं. त्या एका कांद्यात चकचकीत, अर्धपारदर्शक आणि कोरडं असे तीनही पोत मुलाला मिळतात. स्टीलचं ताट नवशिक्यांना देऊ नका, त्यात खिडकी, पंखा, शेजारची मुलं सगळंच दिसतं. जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं चालेल, त्याची चमक मंद असते. तयारीच्या मुलांना मात्र स्टीलचा गडवा द्या आणि त्यात दिसणारा स्वतःचा चेहरा काढायला सांगा. पेटर्सबाईंचा धडा एका तासात होईल.

प्रकाश उत्तरेच्या खिडकीचा. दिवसभर सावली फारशी हलत नाही. बाकीच्या खिडक्या पोत्यांनी झाका.

मेळघाटी

वाटून खाणार असाल तर माझी हरकत मागे घेतो, आणि खिचडीचं जे लिहिलंत ते मला लागलं. मग एक मागणी. संत्रं, वांगं सगळे काढतील. कोरकू घरांतली कुटकी, कोदो ही भरड धान्यं, सुकवलेली मोहाची फुलं हेही मांडा. मोहाचं ताजं फूल मलईच्या रंगाचं, रसाने टचटचीत. सुकलं की मनुक्यासारखं तपकिरी होतं. दोन्ही शेजारी ठेवली तर बघायला खूप आहे. आमच्याकडच्या आश्रमशाळेतल्या पोरांनाही करायला लावतो. पण साहित्य लागेल. साध्या पेन्सिलीवर होईल का?

रंगपेटी

पेन्सिलीवर उत्तम होईल. कोळशावर त्याहून उत्तम, आणि कोळसा चुलीत आहेच.

माने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचा एक किस्सा इथे सांगावासा वाटतो. एदुआर मानेने १८८० मध्ये शतावरीसारख्या अॅस्परॅगसच्या कोंबांची जुडी रंगवली आणि ८०० फ्रँक किंमत सांगितली. घेणाऱ्या शार्ल एफ्रुसीने १००० पाठवले. मानेने मग एकच कोंब वेगळ्या छोट्या चित्रात काढून त्याच्याकडे पाठवला आणि लिहिलं, तुमच्या जुडीतला एक कमी पडला होता. जुडी आज कलोनच्या संग्रहालयात आहे आणि तो एकटा कोंब पॅरिसला ऑर्से संग्रहालयात. टेबलाच्या कडेवर ठेवलेला एक कोंब, बाकी काही नाही. मेळघाटी, तुमच्या पोरांना मोहाचं एकच फूल द्या. एकच.

नवखा_ब्रश

सर, ताई, मी यंदा इंटरमीजिएटला बसतोय. भाकरी काढून बघितली, पण ती पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. पांढरा पोस्टर कलर लावला तर खडूसारखी झाली. काय करू?

खडूफळा

बाळा, भाकरी पांढरी नाही, आधी ते बघ. खिडकीकडची बाजू पिवळसर, सावलीची बाजू निळसर राखाडी, आणि दुमडीच्या आत तव्याची ऊब असल्यासारखा तांबूस रंग. कागदाचा पांढरेपणा फक्त एका-दोन ठिकाणी राख, जिथे पीठ कोरडं राहिलंय तिथे. पिवळ्या गेरूचा एकदम पातळ हात सगळीकडे दे, तो ओला असतानाच सावलीत निळा आणि तपकिरी मिसळून सोड. तव्याचे डाग दोन प्रकारचे असतात. काही पापुद्र्याखाली पसरलेले, ते कागद ओला असताना टाक, आपोआप कडा विरतील. काही जाळाने करपलेले, ते पूर्ण वाळल्यावर, कोरड्या ब्रशने. काळा रंग वापरू नको, गडद तपकिरीत निळा घाल.

आणि मागे गडद कापड ठेव. कोतानने काळोख उगाच नाही ठेवला. मागे अंधार असला की भाकरी आपोआप उजळते.

काळी_कसदार भाऊ, मृगाच्या मालातले पाच-सहा संत्रे पानांसकट राखून ठेवा, त्यातले दोन डागी. गाडीचा खर्च शाळा देईल. मेळघाटी, कोळशाच्या चित्रांवर मारायला फिक्सेटिव्ह लागतं, नाहीतर हाताने पुसली जातात. आमच्याकडे बाटल्या शिल्लक आहेत, पाठवतो.

काळी_कसदार

खर्च कायचा घेता गुरुजी, पोरं खातीन तेच पुरे हाय. फकस्त आदल्या दिवशी फोन करा, ताजे तोडून देतो. दोन दिवसायनं पान मान टाकते.

चुलीपाशी

भाकरी सकाळी थापलेली घ्या, पण गरम असताना झाकून ठेवू नका, वाफेने ओली होऊन लोळते आणि दुमड राहत नाही. सुपात वा कापडावर उघडी गार करायची, मग दुमडायची. वांगं मांडणार असाल तर सगळ्यात शेवटी चिरा. चिरल्याबरोबर गर काळा पडायला लागतो. मिठाच्या पाण्यात बुडवलं तर थोडा वेळ मिळतो, पण टेबलावर ठेवायच्या आधी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर गर चकाकतो आणि मुलं ती चकाकीच काढत बसतील.